पेनसिल्व्हेनियाची मे महिन्यातली प्रायमरी: गावची पदं आणि न्यायाधीश यांच्या मतदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात मी राहते आणि गेली काही वर्षं निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर कामाला बसते. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास गाठतं, आणि प्रश्न तेच तेच असतात. ते इथे एकदाचे लिहून ठेवते. सगळी उत्तरं पेनसिल्व्हेनियापुरती आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावसभावाला किंवा टेक्ससमधल्या डॅलसच्या मैत्रिणीला ती जशीच्या तशी पाठवू नका, त्यांचे नियम वेगळे आहेत (त्यांच्यासाठी खाली एक प्रश्न आहे).

प्रायमरी म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे तिकीटवाटप असतं ना, तेच. फरक इतकाच की महाराष्ट्रात तिकीट मुंबईहून नाहीतर दिल्लीहून येतं आणि नाराज मंडळी बंडखोरी करतात. इथे तिकीट त्या पक्षाच्या नावावर नोंदलेले साधे मतदार गुप्त मतदानाने देतात. मे महिन्यात प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरतो आणि नोव्हेंबरमध्ये ते उमेदवार एकमेकांसमोर उभे राहतात.

राष्ट्राध्यक्षांची निवडणूक तर झाली. मग मधल्या वर्षांत पुन्हा कसली?

राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, काँग्रेस (म्हणजे इथली संसद) हे सगळं सम वर्षांत होतं. विषम वर्षं गावची आणि न्यायाधीशांची: २०२१, २०२३, २०२५ आणि आता पुढचं २०२७. या वर्षांतली प्रायमरी मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी असते, म्हणजे सध्याच्या कायद्यानुसार १८ मे २०२७. मतदान सकाळी ७ ते रात्री ८. टीव्हीवर गाजावाजा नसतो, ऑफिसात कुणी विषय काढत नाही, आणि सुट्टी तर नसतेच. केंद्रावर दुपारी दोन ते चार या वेळात आम्ही एकमेकींच्या डब्यांतलं खाऊन संपवतो, इतकी शांतता असते.

मत कोण देऊ शकतं?

अमेरिकेचा नागरिक, निवडणुकीच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण, आणि त्याआधी किमान ३० दिवस त्या पत्त्यावर राहणारा. नागरिकत्व मिळूनही किमान एक महिना झालेला हवा. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात शपथ घेतली तर मेची प्रायमरी हुकली, नोव्हेंबरला या. नोंदणीची शेवटची तारीख निवडणुकीच्या १५ दिवस आधीची असते. पूर्वी ती ३० दिवस आधी असायची, २०१९च्या कायद्याने बदलली. नोंदणी ऑनलाइन होते, ड्रायव्हिंग लायसन्स हाताशी असेल तर पाच मिनिटांत.

ग्रीन कार्डवर चालेल का? निदान स्कूल बोर्डासाठी? मुलं तर इथल्याच शाळेत आहेत.

नाही. ‘निदान’सुद्धा नाही. नागरिक नसताना मत दिलं, किंवा फॉर्मवर नागरिक असल्याची खूण करून नोंदणी केली, तर तो गुन्हा आहे. पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतोच, देश सोडायची वेळही येऊ शकते. लायसन्सच्या काउंटरवर कुणी मतदार नोंदणीबद्दल विचारलं आणि तुम्ही घाईत मान डोलावली, तरी जबाबदारी तुमचीच. एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि ग्रीन कार्ड, दोघांनाही हे लागू आहे.

पैशाचा नियम मात्र वेगळा आहे. ग्रीन कार्डवाले उमेदवाराला देणगी देऊ शकतात. एच-वनवाले देऊ शकत नाहीत, अगदी गावच्या निवडणुकीतही नाही. बिनपगारी मदत कुणीही करू शकतं. पत्रकं वाटा, फोन करा, बोर्ड ठोका.

नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष विचारतात. मी ‘कुठलाच नाही’ लिहिलं. बरोबर केलं ना?

या प्रश्नाला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण हीच चूक मी स्वतः केली होती.

शपथविधी झाल्या झाल्या दारातच नोंदणीचे फॉर्म वाटत होते. हातात छोटा झेंडा, नवरा फोटो काढतोय, आणि फॉर्मवर पक्षाचा रकाना. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं की मत गुप्त असतं आणि शहाण्या माणसाने पक्षाचं लेबल लावून घेऊ नये. मी ‘नो अफिलिएशन’वर खूण केली आणि आपण किती निष्पक्ष, असं वाटून जरा खूशही झाले. मग मे २०२१ उजाडला. मी गावच्या उमेदवारांची माहिती काढून, चिठ्ठीवर नावं लिहून केंद्रावर गेले. टेबलावरच्या आजींनी यादीत माझं नाव शोधलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एक बारकी मतपत्रिका हातात ठेवली. तिच्यावर एकाही माणसाचं नाव नव्हतं. फक्त चार सार्वमताचे प्रश्न. त्यातले दोन गव्हर्नरच्या आणीबाणीतल्या अधिकारांना कात्री लावणाऱ्या घटनादुरुस्त्या होत्या, एक वंशभेदाविरुद्धची घटनादुरुस्ती आणि एक अग्निशमन दलांच्या कर्जाबद्दल. मी विचारलं, न्यायाधीश कुठे आहेत? त्या म्हणाल्या, ते पक्षवाल्यांसाठी, डिअर.

पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंदिस्त आहे. डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्याला डेमोक्रॅटिक मतपत्रिका मिळते, रिपब्लिकनला रिपब्लिकन. बाकीच्यांना उमेदवार निवडता येत नाहीत. त्यांना फक्त सार्वमताचे प्रश्न, आणि त्याच दिवशी एखादी पोटनिवडणूक असेल तर ती, एवढंच मिळतं. नोव्हेंबरमध्ये हा भेद नसतो, सगळ्यांना एकच मतपत्रिका.

हे न्याय्य आहे का? मला विचाराल तर नाही. या प्रायमरीचा खर्च बिनपक्षवाल्यांच्याही करातून होतो. ती खुली करायची विधेयकं हॅरिसबर्गमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, अधूनमधून येतात आणि पडून राहतात. पण नियम बदलेपर्यंत वाट बघायची तर मधल्या काळात तुमच्या काउंटीचे (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे) न्यायाधीश दुसरेच लोक निवडणार.

पण पक्ष लिहिला म्हणजे मी पक्षाची सभासद झाले का? वर्गणी भरावी लागते?

वर्गणी नाही, सभा नाही, काही नाही. ही फक्त मतदार यादीतली एक नोंद आहे. नोव्हेंबरमध्ये तुम्ही कुणालाही मत द्या. नोंद पुढे केव्हाही बदलता येते, फक्त प्रायमरीसाठी ती १५ दिवस आधी बदललेली हवी. केंद्रावर येऊन ‘आज मला दुसरी मतपत्रिका द्या’ म्हणालात तर आम्ही देऊ शकत नाही, कितीही ओळख असली तरी.

एक गोष्ट आधीच सांगते, नंतर धक्का नको: तुमचा पक्ष कोणता आणि कोणत्या निवडणुकीला तुम्ही मत दिलंत, ही माहिती खुली असते. ती यादी विकत घेता येते. मत कुणाला दिलंत ते मात्र कुणालाच कळत नाही. मे जवळ आला की टपालपेटीत उमेदवारांच्या चकचकीत कार्डांचा खच पडतो, तो या यादीमुळेच.

न्यायाधीशांना मत द्यायचं म्हणजे काय? ते तर नेमले जातात ना?

भारतात नेमले जातात, कॉलेजियम शिफारस करतं, आणि उच्च न्यायालयात ६२व्या, सर्वोच्च न्यायालयात ६५व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेतही संघराज्याचे, म्हणजे फेडरल न्यायाधीश नेमलेलेच. पण राज्याच्या न्यायालयांचं प्रत्येक राज्याने आपापल्या परीने ठरवलंय, आणि पेनसिल्व्हेनियात तळापासून वरपर्यंत सगळे निवडून येतात, तेही पक्षाच्या तिकिटावर. पायऱ्या अशा.

सगळ्यात खाली मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट जज. मुदत ६ वर्षं. वेगमर्यादा मोडल्याची पावती अमान्य असेल तर तुम्ही यांच्यापुढे जाता. घरमालक-भाडेकरूची भांडणं, १२,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे आणि अटक झालेल्या माणसाची पहिली हजेरीही यांच्याकडेच. या पदाला वकील असणं बंधनकारक नाही! प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालं की पुरतं. फिलाडेल्फिया शहरात यांच्याऐवजी म्युनिसिपल कोर्ट आहे.

वर काउंटीचं कोर्ट ऑफ कॉमन प्लीज. मुदत १० वर्षं. घटस्फोट, मुलांचा ताबा, मोठे फौजदारी खटले. यातल्या एका विभागाचं नाव ‘ऑर्फन्स कोर्ट’ आहे. नावावरून अनाथाश्रम वाटतो, पण तिथे मृत्युपत्रं, वारसा आणि दत्तक यांची कामं चालतात.

त्याच्यावर अपिलाची दोन न्यायालयं, सुपीरियर आणि कॉमनवेल्थ. आणि शेवटी राज्याचं सर्वोच्च न्यायालय, ७ न्यायमूर्ती. यांचीही मुदत १० वर्षं. निवृत्ती ७५व्या वर्षी. २०१६ च्या सार्वमतापर्यंत ती ७० होती.

माझ्यावर कधी खटला नाही, कधी होणारही नाही. मला काय फरक पडतो?

दोन गोष्टी सांगते.

२०१५ मध्ये, म्हणजे असल्याच एका झोपाळू विषम वर्षात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी तीन जागा एकदम भरायच्या होत्या. केव्हिन डॉगर्टी, डेव्हिड वेक्ट आणि क्रिस्टीन डॉनह्यू असे तीन डेमोक्रॅट निवडून आले आणि न्यायालयातलं बहुमत बदललं. २०१८ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने राज्याचा काँग्रेस मतदारसंघांचा नकाशा रद्द केला, कारण तो एका पक्षाच्या सोयीने कापलेला होता, आणि पुढच्या महिन्यात नवा नकाशा स्वतः लागू केला. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियातून वॉशिंग्टनला कोण गेलं ते या नकाशावर ठरलं. तुम्हाला तो निकाल आवडो न आवडो, त्याचं मूळ २०१५ च्या मे महिन्यात आहे. त्या दिवशी घरी बसलेल्यांत तुम्ही होतात का, तेवढं बघा.

दुसरी गोष्ट लुझर्न काउंटीची. तिथले मार्क सियावरेला आणि मायकेल कोनाहन हे दोन न्यायाधीश निवडून आलेले होते. किरकोळ कारणांसाठी शाळकरी मुलांना ते खासगी बालसुधारगृहात पाठवत होते आणि त्या सुधारगृहांशी संबंधित लोकांकडून पैसे घेत होते. २००९ मध्ये प्रकरण उघडकीला आलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो मुलांवरचे निकाल रद्द केले आणि सियावरेलाला २८ वर्षांची शिक्षा झाली. ‘जज चांगला असेलच, इतके शिकलेले असतात’ असं कुणी म्हणालं की मला लुझर्न आठवतं.

माझ्या डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर एक रिपब्लिकन उमेदवार होता म्हणे! छपाईची चूक का?

चूक नाही, याला क्रॉस-फायलिंग म्हणतात, आणि नव्या मतदाराची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

कॉमन प्लीज, मॅजिस्टीरियल डिस्ट्रिक्ट जज आणि स्कूल बोर्ड या पदांना उमेदवार दोन्ही पक्षांकडे अर्ज भरू शकतो. कल्पना अशी की ही कामं पक्षापलीकडची असावीत. त्यामुळे एकच नाव दोन्ही मतपत्रिकांवर दिसतं, आणि तो माणूस मुळात कोणत्या पक्षाचा हे मतपत्रिका सांगत नाही. ‘माझ्याच पक्षाची यादी आहे, कुणालाही मत दिलं तरी आपलाच’ असं समजून वरच्या दोन नावांना खूण करणारे मी दरवर्षी बघते. आपला कोण हे घरून बघून यावं लागतं.

आता गंमत पुढे. एखादीने मेमध्ये दोन्ही प्रायमरी जिंकल्या, तर नोव्हेंबरमध्ये तिच्यासमोर सहसा कुणी उरतच नाही. नावापुढे दोन्ही पक्ष लागतात आणि निवडणूक उपचारापुरती होते. शाळेच्या बोर्डात कोण बसणार, काउंटीत १० वर्षं खटले कोण ऐकणार, याचा निकाल कैक वेळा असा मेमध्येच लागून गेलेला असतो. नोव्हेंबरमध्ये ‘अरे, इथे तर एकच नाव आहे’ म्हणून माझ्याकडे तक्रार करणाऱ्यांना मी काय सांगणार?

राज्य पातळीच्या तिन्ही न्यायालयांना मात्र क्रॉस-फायलिंग नाही. तिथे डेमोक्रॅट डेमोक्रॅटशीच लढतो. २०२३ मध्ये डॅनियल मॅकॅफ्री आणि कॅरोलिन कार्लुचिओ आपापल्या प्रायमरी जिंकून नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी समोरासमोर आले, आणि मॅकॅफ्री निवडून आले.

न्यायाधीशांची नावंच माहीत नसतात. निवडायचं कसं?

खरी अडचण आहे. न्यायाधीश होऊ घातलेला माणूस ‘मी अमुक खटल्यात अमुक निकाल देईन’ असं वचन देऊ शकत नाही, आचारसंहितेत बसत नाही. त्यामुळे प्रचारात सगळे अनुभवी, निःपक्षपाती आणि कुटुंबवत्सल असतात. कार्डावर कुत्र्यासह फोटो.

मी असं करते. पेनसिल्व्हेनिया बार असोसिएशन, म्हणजे वकिलांची संघटना, अपिलाच्या न्यायालयांच्या उमेदवारांना तपासून ‘विशेष शिफारस’, ‘शिफारस’ किंवा ‘शिफारस नाही’ असा शेरा देते. फिलाडेल्फियाची बार असोसिएशनही शहरातल्या उमेदवारांसाठी असाच शेरा देते. ‘शिफारस नाही’वाल्याला मी मत देत नाही, मग पक्ष कोणताही असो. कधी कधी उमेदवार मुलाखतीलाच गेलेला नसतो म्हणूनही तो शेरा मिळतो. पण मुलाखतीला न जाणं हेही मला पुरेसं वाटतं. त्यानंतर काउंटीच्या वेबसाइटवरून नमुना मतपत्रिका उतरवून घ्यायची, आदल्या रात्री चहा घेऊन बसायचं आणि एकेक नाव बघायचं. माझा पाऊण तास जातो. ओळखीत कुणी वकील असेल तर त्यांना फोन करा. ‘कुणाला मत देऊ’ असं विचारू नका, ‘कुणाच्या कोर्टात उभं राहायला तुम्हाला नको वाटतं’ असं विचारा. लगेच बोलतात.

यादीत पहिलं नाव असतं तो पक्षाचा आवडता असतो का?

छे. क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. फिलाडेल्फियात तर हॉर्न अँड हार्डार्ट या जुन्या उपाहारगृहांच्या कॉफीच्या डब्यातून क्रमांक काढायची प्रथा आहे. आणि त्या डब्यात हात घालणाऱ्याचं नशीब म्हणजे अर्धी निवडणूक, कारण न्यायाधीशांच्या लांबलचक यादीत वरच्या नावांना आयती मतं पडतात हे विश्लेषकांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. तेव्हा वरून खाली खुणा करत जाऊ नका.

नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांपुढे फक्त ‘हो’ की ‘नाही’ एवढंच होतं. ते काय?

ते रिटेन्शन. एकदा निवडून आलेल्या न्यायाधीशाची १० वर्षं संपली की त्याला कुणाशी लढावं लागत नाही. ‘यांना ठेवायचं का?’ एवढंच विचारतात. हे फक्त नोव्हेंबरला, प्रायमरीत नाही. आणि बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. २००५ मध्ये कायदेमंडळाने मध्यरात्रीनंतर स्वतःची आणि न्यायाधीशांची पगारवाढ करून घेतली, तेव्हा चिडलेल्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रसेल निग्रो यांना घरी पाठवलं. तसं त्या न्यायालयाच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वर सांगितलेल्या डॉगर्टी, वेक्ट आणि डॉनह्यू यांची पाळी होती. प्रचारावर प्रचंड पैसा ओतला गेला आणि तिघंही राहिले. एरवी रिटेन्शनवर अवाक्षर न काढणारे शेजारी तेव्हा मला अंगणात अडवून विचारत होते.

म्हणून पहिल्यांदा निवडून देतानाचं मत जपून द्या. नंतर माणूस हलवणं फार अवघड.

गावच्या पदांमध्ये काय काय असतं?

स्कूल बोर्डावर ९ जण, ४ वर्षांसाठी, मानधन शून्य. तुमच्या घराच्या मालमत्ता कराचा सगळ्यात मोठा हिस्सा हेच लोक ठरवतात. (फिलाडेल्फिया शहरात बोर्ड महापौर नेमतात.) टाउनशिपचे, म्हणजे गावाचा कारभार बघणारे, सुपरवायझर: रस्ते, पोलीस, आणि कोपऱ्यावरच्या शेतात गोदाम होऊ द्यायचं की नाही. बरोमध्ये, म्हणजे छोट्या शहरवजा गावात, कौन्सिल आणि मेयर.

काउंटीत डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (सरकारी वकील), शेरिफ, कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा), रजिस्टर ऑफ विल्स (मृत्युपत्रं नोंदवणारा) आणि प्रोथोनोटरी. हा शेवटचा शब्द मलाही पहिल्यांदा औषधाचं नाव वाटला होता. दिवाणी कोर्टाची कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी तो.

बहुतेक काउंट्यांत कारभार बघणारे तीन कमिशनर असतात आणि त्यांची पद्धत मजेशीर आहे. प्रत्येक पक्ष दोनच उमेदवार देतो, मतदाराला दोनच मतं असतात, आणि जागा तीन. त्यामुळे एक जागा बहुधा विरोधी पक्षाकडे जाते. पुढची पाळी २०२७ ची.

‘जज ऑफ इलेक्शन’ हेही न्यायाधीशच ना?

नाही हो! ती आमच्या केंद्राची मुख्य. तिला काळा डगला नसतो, पहाटे सहाला टेप आणि खुर्च्या घेऊन येते. पण हे पदसुद्धा ४ वर्षांसाठी निवडणुकीने भरतात, मतपत्रिकेच्या अगदी तळाशी. दोन इन्स्पेक्टरही तसेच. कैक केंद्रांवर उमेदवारच नसतो आणि जागा रिकामी राहते. मग काउंटी कुणाला तरी नेमते. मी क्लार्क झाले तीही अशीच माणसं कमी पडली म्हणून.

अशा रिकाम्या जागेवर कुणीही कुणाचंही नाव हाताने लिहू शकतं, आणि एक-दोन मतांनी माणूस निवडून येतो. बरोबरी झाली तर काउंटीत चिठ्ठ्या टाकतात. हसू नका, २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल ईश्वरचिठ्ठीनेच लागला होता.

ओळखपत्र लागतं का?

त्या केंद्रावर पहिल्यांदा मत देत असाल तर हो. फोटो असलेलं चालतं, किंवा नाव-पत्ता असलेलं विजेचं बिलही चालतं. नंतर नाही, सही जुळवतात. यादीत नाव सापडलं नाही तर परत जाऊ नका. ‘प्रोव्हिजनल बॅलट’ मागा, तो तुमचा हक्क आहे. काउंटी नंतर पडताळून ते मत मोजते.

टपालाने मत द्यायचंय. काय चुकतं लोकांचं?

२०१९ पासून कारण न देता टपालाने मत देता येतं. अर्ज आदल्या मंगळवारी संध्याकाळी ५ पर्यंत, आणि भरलेली मतपत्रिका निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ पर्यंत काउंटीकडे पोचलेली हवी. पोस्टाचा शिक्का त्या दिवशीचा असून भागत नाही.

दोन पाकिटं येतात. मतपत्रिका आधी आतल्या गुप्त पाकिटात, मग ते बाहेरच्यात. आतलं पाकीट विसरलात तर मत बाद. इथे त्याला ‘उघडी मतपत्रिका’ म्हणतात. बाहेरच्या पाकिटावर सही आणि त्या दिवशीची तारीख. तारखेवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्यात. तुम्ही तारीख घाला आणि त्या भांडणातून मोकळे व्हा.

आणि आपल्या घरांत हमखास होणारी चूक: बाहेर जाताजाता नवरा बायकोचं, मुलीचं आणि स्वतःचं अशी तीन पाकिटं काउंटीने मतपत्रिकांसाठी ठेवलेल्या पेटीत, म्हणजे ड्रॉप बॉक्समध्ये, टाकून येतो. चालत नाही. ज्याचं त्याने टाकायचं. अपंगत्वामुळे जाता येत नसेल तर दुसऱ्याला नेमायचा वेगळा फॉर्म आहे.

मन बदललं आणि केंद्रावर यावंसं वाटलं, तर मतपत्रिका आणि दोन्ही पाकिटं सोबत आणा. ती आम्ही रद्द करतो आणि तुम्हाला नेहमीसारखं मत देता येतं.

सासूबाई नागरिक आहेत, पण इंग्रजी वाचता येत नाही. मराठीत काही सोय?

मराठी मतपत्रिका नाही. पण संघराज्याच्या मताधिकार कायद्याने त्यांना आपल्या पसंतीचं माणूस मदतीला आत नेता येतं. तुम्ही, नातू, शेजारीण, कुणीही. फक्त त्या नोकरी करत असतील तिथला मालक किंवा त्याचा माणूस, त्यांच्या युनियनचा माणूस किंवा केंद्राची जज ऑफ इलेक्शन नको. टेबलावर एक छोटा फॉर्म भरायचा. एकदा एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. सून प्रत्येक नाव वाचायची, आजी विचारायच्या, ‘ही काय करते?’ तीन-चार नावांनंतर सुनेला उत्तर येईना. आजी म्हणाल्या, ‘मग तिच्या नावापुढचा गोळा राहू दे.’

नावापुढे रंगवायचा गोळा रिकामा ठेवला तर बाकीची मतं बाद होतात?

होत नाहीत. जितकं माहीत आहे तितकंच भरा. उलट चूक मात्र महागात पडते: ‘दोनपेक्षा जास्त नकोत’ लिहिलं असताना तिघांना खूण केलीत तर त्या पदाचं मत जातं. कागद मशीनने परत दिला तर नवा मागून घ्या, आम्ही रागावत नाही.

न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये असंच असतं का?

न्यू जर्सीत न्यायाधीश गव्हर्नर नेमतात आणि सेनेट मंजुरी देते, तिथे त्यांना मत देण्याचा प्रश्नच नाही. बिनपक्ष मतदार तिथे प्रायमरीच्या दिवशीच पक्ष सांगू शकतो. टेक्ससमध्ये पक्षाची नोंदणीच नसते, केंद्रावर कोणती मतपत्रिका हवी ते सांगायचं, आणि न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर लढतात. ह्यूस्टनमध्ये ती यादी इतकी लांब असते की उभं राहून पाय दुखतात म्हणे. कॅलिफोर्नियात काउंटीच्या न्यायाधीशांपुढे पक्ष लिहिलेलाच नसतो आणि प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली की काम तिथेच संपतं.

इथे नोंदणी केली की भारतातलं मत जातं का?

ते इथलं नागरिकत्व घेतलंत तेव्हाच गेलं. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) भारतात मत देता येत नाही.

मतदार झालं की जूरी ड्यूटी, म्हणजे कोर्टात खटल्याला पंच म्हणून बसायचं काम, मागे लागते ना?

ती तशीही लागणारच. जूरीची यादी मतदारांबरोबरच लायसन्स आणि कर भरणाऱ्यांच्या याद्यांतूनही करतात.

केंद्राबाहेर कागद हातात कोंबतात ते कोण? घ्यायचे का?

उमेदवार किंवा त्यांची माणसं. दारापासून १० फुटांच्या आत त्यांना प्रचार करता येत नाही, म्हणून सगळे अकराव्या फुटावर उभे असतात. घ्या की, पण तो पक्षाच्या शिफारशींचा कागद आहे, सरकारी मतपत्रिका नाही. आणि थांबून बोला. टाउनशिपच्या पदाला उभा राहिलेला माणूस पावसात छत्री धरून तुम्हाला गोदामाबद्दल उत्तर द्यायला तयार असतो, असा योग दोन वर्षांतून एकदाच येतो. जाताना कागद आमच्या टेबलावर ठेवून जाऊ नका फक्त. रात्री आठनंतर ते आम्हालाच उचलावे लागतात.